चांदोबाकडे वळणारे बोट : स्वमग्नता ओळखण्याचा इतिहास, बाल्टिमोर ते जामखेड

१/
सन १९३८. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाकडे एक पत्र निघाले. टंकलिखित, ३३ पानांचे. लिहिणारे बीमन ट्रिपलेट व्यवसायाने वकील होते आणि साऱ्या पत्राचा विषय एकच होता : त्यांचा जेमतेम पाच वर्षांचा मुलगा डोनाल्ड. आज ज्याला आपण ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो, त्याच्या वैद्यकीय इतिहासाचे पहिले पान असे एका पित्याच्या हातून लिहिले गेले.

२/
या मालिकेत आपण बहुधा किल्ले, नाणी आणि शिलालेख वाचतो. आजचा धागा दीड-दोन वर्षांच्या मुलांविषयी आहे. बाल्टिमोरपासून निघून मुंबई, बडोदे अशी वळणे घेत आपल्याला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडपर्यंत जायचे आहे. वाटेत एकच प्रश्न सोबत ठेवू : मूल वेगळे आहे हे सर्वांत आधी कोणाला दिसते, आणि त्या पाहण्याला पुरावा मानायला इतरांना किती वर्षे लागतात?

३/
पत्रात वडिलांनी काय लिहिले होते? डोनाल्ड एकटा असला की सर्वांत आनंदी असतो. घरात कोण आले, कोण गेले याची तो दखल घेत नाही. कुरवाळले तरी प्रतिसाद देत नाही. वस्तू गरगर फिरवण्यात तासन्‌तास रमतो. मात्र दोन वर्षांचा होण्याआधीच त्याची स्मरणशक्ती अचंबित करणारी होती. मुळाक्षरे तो सुलट आणि उलट म्हणू शकत होता, शंभरपर्यंत मोजू शकत होता. कोणतेही वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाने केलेले हे निरीक्षण आजही अभ्यासकांना थक्क करते.

४/
पत्र वाचणारे डॉक्टर होते लिओ कॅनर. जॉन्स हॉपकिन्समधील बालमनोविकार विभाग त्यांनीच १९३० साली उभा केला होता. ऑक्टोबर १९३८ मध्ये त्यांनी डोनाल्डला प्रथम तपासले. पुढे तशीच आणखी मुले त्यांच्याकडे येत गेली आणि १९४३ साली ११ मुलांच्या नोंदींवर आधारलेला त्यांचा प्रसिद्ध लेख छापला गेला. आठ मुलगे, तीन मुली. ही अवस्था जन्मजात असावी, असे त्यांनी त्यातच नोंदवले.

५/
'ऑटिझम' हा शब्द मात्र कॅनर यांचा नव्हे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो १९११च्या सुमारास प्रौढांच्या स्किझोफ्रेनियातील एका लक्षणासाठी वापरला होता. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे 'स्व'. मराठीतील 'स्वमग्नता' हा शब्द त्याच अर्थाचा माग काढत आला. उसन्या नावामुळे एक घोटाळाही झाला : कित्येक दशके या मुलांकडे बालवयातील स्किझोफ्रेनियाचे रुग्ण म्हणून पाहिले गेले. १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत बाल-ऑटिझमला स्वतंत्र स्थान मिळाले, तेव्हा हा गुंता अधिकृतपणे सुटला.

६/
कॅनर पहिले होते का? इतिहासात 'पहिला' हा शब्द जपून वापरावा. मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा या डॉक्टर स्त्रीने १९२५ सालीच सहा मुलांचे असेच बारकाईने वर्णन केले होते. जगाने तिची दखल घ्यायला अनेक दशके लावली. व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांचा प्रबंध १९४४ साली आला. त्यांचे नाव पुढे एका निदानाला मिळाले. पण नाझी राजवटीत मुलांची हत्या जेथे होत असे, त्या 'आम श्पीगेलग्रुंड' संस्थेकडे त्यांनी काही मुले पाठवली होती, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांवरील संशोधनातून पुढे आले.

७/
म्हणून एक गोष्ट आरंभीच मनात ठेवू. निदान म्हणजे मुलाला दिलेले नाव. त्या नावाने मुलासाठी शाळेचे दार उघडू शकते, आणि वाईट राजवटीच्या हाती त्याच नावाने मृत्यूचे दारही उघडू शकते. लवकर ओळखण्याचा आग्रह धरताना 'कशासाठी ओळखायचे?' हा प्रश्न कधीही सुटता कामा नये.

८/
यानंतर या इतिहासातील सर्वांत क्रूर वळण येते. ज्या आई-वडिलांनी मुलाचे वेगळेपण प्रथम पाहिले, त्यांच्यावरच आरोप ठेवला गेला. पालक, विशेषतः आई, भावनेने थंड असते म्हणून मूल असे होते, हा समज अमेरिका-युरोपात फोफावला. 'फ्रिजसारखी आई' असा शब्दप्रयोगच रूढ झाला. कॅनर यांनी स्वतःही पालकांच्या थंडपणावर बोट ठेवले होते. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने हा समज घराघरांत नेला.

९/
प्रतिवाद उभा राहिला तोही एका पालकाकडून. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलातील मानसशास्त्रज्ञ आणि स्वमग्न मुलाचे वडील. मूळ मेंदूच्या घडणीत आहे, संगोपनात नाही, असे १९६४ साली त्यांनी ग्रंथ लिहून मांडले. १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या अभ्यासल्या आणि आनुवंशिकतेचा ठळक पुरावा मिळाला. साक्षीदाराला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर यायला सुमारे पाव शतक लागले.

१०/
आता आपल्याकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरात ठाणे उभारले. मिस सिंथिया फॅरार यांच्या तेथील शाळांमुळे हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. याच मिशनमार्फत १९२०च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईत आले. नागपाड्याच्या कामगारवस्तीत त्यांनी 'नेबरहूड हाऊस' चालवले आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य पदवी विद्यालय सुरू करण्यात पुढाकार घेतला. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

११/
या विद्यालयाने १९३७ साली देशातील पहिले बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केले. म्हणजे डोनाल्ड बाल्टिमोरला पोहोचण्याच्या एक वर्ष आधी मुंबईत मुलांच्या मनाचा स्वतंत्र विचार करणारी जागा अस्तित्वात होती. अर्थात तेथे 'ऑटिझम' हा शब्द नव्हता. मुलांच्या निदानासाठी तो अजून रूढ झाला नव्हता. शाळेतील अपयश, हट्टीपणा, वर्तनाच्या तक्रारी अशा कारणांनी मुले अशा केंद्रांत येत.

१२/
त्याच दशकात धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड रूप सिद्ध केले. १९४० साली त्यांचा ग्रंथ आला. मुंबईत जय आणि होर्मसजी वकील या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ साली विशेष मुलांची शाळा उघडली. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' सुरू झाली. या संस्थांनी मोठे काम केले. पण त्या काळच्या शब्दकोशात 'मतिमंद' आणि 'मूकबधिर' हे दोनच कप्पे ठळक होते. ज्याला ऐकू येते पण हाकेला जो वळत नाही, अशा मुलाचा कप्पाच नव्हता.

१३/
भारतीय वैद्यकीय लेखनात या मुलांच्या खुणा दिसतात त्या १९४४ पासून. व्हिएन्नाहून आलेले आणि दार्जिलिंगला काम करणारे रोनाल्ड नावाचे बालवैद्य त्या वर्षी 'असामान्य' मुलांविषयी लिहितात. लवकर ओळखण्याचा मुद्दाही मांडतात. 'ऑटिझम' हा शब्द मात्र आपल्या वैद्यकीय नियतकालिकांत अवतरतो तो १९५९च्या सुमारास. शब्द आला, तरी तो मोठ्या शहरांतील मोजक्या डॉक्टरांपुरता राहिला.

१४/
मधल्या काळात एक वेगळे, चिकाटीचे काम बडोद्यात चालू होते. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील प्रमिला फाटक यांनी भारतीय तान्ह्या मुलांच्या विकासाची मापे बसवली. मूल मान कधी धरते, कधी बसते, ठोकळा कधी उचलते, हे आपल्या मुलांवरून ठरवण्याचा हा प्रयत्न होता. १९७० साली बडोद्याची मापे आली. १९९७ साली सुधारित आवृत्ती पुण्यातून प्रसिद्ध झाली. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ नोंदी आहेत. आजही अनेक बालविकास केंद्रांत ती वापरली जाते.

१५/
तरीही एक फट उरली. स्वमग्न मूल अनेकदा वेळेवर बसते, वेळेवर चालते. वजन ठीक, उंची ठीक. काही मुले दोन-चार शब्द बोलतात आणि मग ते शब्द मावळतात. टप्प्यांची यादी घेऊन तपासणाऱ्याला अशा मुलात फारसे वावगे दिसत नाही. घरात मात्र आईला काहीतरी खुपत असते. ती बोलते तेव्हा उत्तर ठरलेले : 'मुलगे उशिरा बोलतात', 'याचे वडीलही तीन वर्षांनी बोलले होते', 'घरात एकटाच आहे ना, म्हणून'.

१६/
मग पाहायचे काय? याचे उत्तर १९८०-९०च्या दशकांत मिळाले, आणि ते आपल्या प्रत्येक घरात आधीपासून होते. संध्याकाळी आजी नातवाला कडेवर घेऊन अंगणात येते, 'चांदोबा कुठे?' म्हणते. वर्षाच्या आसपासचे बाळ आधी तिच्या बोटाकडे, मग बोटाच्या दिशेने आकाशाकडे पाहते. आणखी काही महिन्यांनी ते स्वतः बोट दाखवते आणि आजीकडे वळून खात्री करून घेते की तिनेही पाहिले. चिऊ-काऊच्या घासांतही हाच खेळ असतो.

१७/
मानसशास्त्राने येथे दोन बोटांमधला फरक दाखवला. एक बोट मागण्याचे : 'तो लाडू दे.' दुसरे बोट दाखवण्याचे : 'बघ, चंद्र!' पहिल्यात मुलाला वस्तू हवी असते. दुसऱ्यात त्याला काहीच नको असते. आपण पाहिलेले दुसऱ्यानेही पाहावे, एवढेच हवे असते. स्वमग्न मुलांमध्ये हे दुसरे बोट फार उशिरा उठते किंवा उठतच नाही. पुष्कळदा मूल मोठ्यांचा हात धरून, एखादे साधन वापरावे तसा तो वस्तूवर नेऊन ठेवते.

१८/
१९९२ साली सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये एक छोटी तपासणी करून पाहिली. ज्यांचे मोठे भावंड स्वमग्न आहे, अशी ४१ मुले त्यांनी दीड वर्षांची असताना तपासली. मूल दाखवण्यासाठी बोट करते का, दुसऱ्याच्या नजरेमागे पाहते का, लटका स्वयंपाक-चहा असे खोटेखोटे खेळते का? चार मुले या कसोट्यांत मागे राहिली. अडीच वर्षांची झाल्यावर त्याच चौघांचे निदान ऑटिझम असे झाले. पुढे ही तपासणी सुमारे १६,००० मुलांवर वापरली गेली.

१९/
१९९४ साली ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी पुराव्याचे एक नवेच दालन उघडले : पहिल्या वाढदिवसाची घरगुती चित्रफीत. ११ स्वमग्न आणि ११ इतर मुलांच्या फिती त्यांनी पाहिल्या. केक तोच, मेणबत्ती तीच. पण हाकेला वळणे, माणसांच्या चेहऱ्याकडे पाहणे, बोट दाखवणे, वस्तू उचलून दाखवणे, या बाबतींत फरक पहिल्याच वर्षी दिसत होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल : वेगळ्याच हेतूने जपलेला दस्तऐवज, आणि त्यातून नव्या प्रश्नाला मिळालेले उत्तर.

२०/
१६,००० मुलांच्या पाठपुराव्यात मात्र असे कळले की त्या पहिल्या तपासणीतून अनेक स्वमग्न मुले निसटली होती. डॉक्टरकडच्या काही मिनिटांत मूल जे करते, त्यावर फार विसंबता येत नाही. २००१ साली अमेरिकेत डायना रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी सुधारित प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे आजचे रूप २० प्रश्नांचे असून ते १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तिची सारी भिस्त पालकांच्या उत्तरांवर आहे. १९३८चे ते ३३ पानी पत्र जणू 'होय-नाही'च्या प्रश्नांत आटवले गेले. अशी प्रश्नावली निदान करत नाही. पुढील तपासणी हवी की नको, एवढेच ती सांगते.

२१/
याच वयाशी जोडलेली एक अफवा येथेच निकालात काढू. १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड यांनी केवळ १२ मुलांच्या आधारे लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सूचित केला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो आढळला नाही. २०१० साली 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला आणि वेकफील्ड यांचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. गोवराची लस आणि लक्षणे नजरेत भरण्याचे वय साधारण एकच असते. एकापाठोपाठ घडलेल्या दोन घटनांना कार्यकारणाने बांधण्याची चूक इतिहासकारही करतात. येथे तिची किंमत मुलांनी मोजली.

२२/
आता जामखेड. कॅनर जेथे शिकवत, त्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९७० साली हे दांपत्य अहमदनगर जिल्ह्याच्या या दुष्काळी, दुर्लक्षित तालुक्यात आले. त्या काळी परिसरातील बालमृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहायला तयार नव्हत्या. तेव्हा आरोळे यांनी खेड्यातीलच स्त्रिया निवडल्या; पुष्कळशा निरक्षर, अनेक दलित, काही परित्यक्ता.

२३/
या ग्राम आरोग्य सेविका नियमाने जामखेडला येत, शिकत आणि गावात परतून शिकवत. पाच वर्षांखालील मुलांची वजने घेत, दंडाचा घेर मोजत, गर्भवतींवर लक्ष ठेवत. त्वचेवरचा संशयास्पद चट्टा दिसला की कुष्ठरोगाची शंका कळवत. रोग लवकर सापडला की विद्रूपता टळते, आणि विद्रूपता टळली की गावाची भीतीही ओसरते, हे त्यांनी अनुभवाने दाखवले. १९९०च्या दशकापर्यंत बालमृत्यूचे ते प्रमाण तिशीच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२४/
स्पष्ट सांगायला हवे : जामखेडच्या या स्त्रिया ऑटिझम शोधत नव्हत्या. जेथे मूल जगेल का हाच प्रश्न होता, तेथे ते बोट दाखवते का हे कोण विचारणार? पण त्यांनी एक मूलभूत गोष्ट सिद्ध केली. नेमके काय पाहायचे हे शिकवले, तर शेजारीण जे पाहते ते महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जामखेडची नोंद घेतली आणि १९७८च्या अल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्याचा हाच विचार जगापुढे आला.

२५/
नजर होती, पण कायद्यात नाव नव्हते. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. कुष्ठमुक्त व्यक्ती त्यांत होत्या, स्वमग्न मुले नव्हती. पालकांच्या चळवळीमुळे १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचे नाव आले. पूर्ण मान्यता मिळाली ती २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने. त्यात २१ प्रकार असून तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. २०११च्या जनगणनेतही ऑटिझमचा स्वतंत्र रकाना नव्हता. जे मोजले जात नाही, त्यासाठी तरतूदही होत नाही.

२६/
६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जागा इतिहासाच्या दृष्टीने बोलकी आहे. जवळच्याच बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या अंगणात शाळा नेण्याचे प्रयोग केले होते; 'अंगणवाडी' ही कल्पना त्या मातीतली. या कार्यक्रमात आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत जावे, जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब तपासावेत, आणि शंका आल्यास मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी रचना आहे. विकासातील विलंबांत ऑटिझमही येतो.

२७/
पालकांची नजर विश्वासार्ह आहे का? तमारा डेली यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईसह चार महानगरांतील ९५ कुटुंबांशी बोलणे केले होते. भारतीय पालकांना मुलाचे माणसांत न मिसळणे आधी खटकते, असे त्यात दिसले. एकत्र राहणाऱ्या, पाहुण्यांनी गजबजलेल्या घरांत ते खटकणारच. पण खटकण्यापासून निदानापर्यंतचा मार्ग अनेक दवाखान्यांतून आणि परस्परविरोधी सल्ल्यांतून जात होता. मुंबईच्या 'उम्मीद' बालविकास केंद्राचा सहभाग असलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चार देशांतील ४,९४९ मुलांच्या अभ्यासाचे साधनही पालकांना मोकळे प्रश्न विचारण्यावरच उभे आहे.

२८/
किती मुले? २०१८ सालच्याच आणखी एका अभ्यासात उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची सुमारे ४,००० मुले तपासली गेली. ऑटिझमचे प्रमाण सुमारे शंभरात एक निघाले. एका मोठ्या गावात किंवा दोन-तीन वाड्यांच्या परिसरात एखाद-दुसरे मूल, असा त्याचा अर्थ. आपल्या गावात असे मूल नाही असे वाटत असेल, तर बहुधा त्याला वेगळ्याच नावाने हाक मारली जात असावी.

२९/
ओळखले, पुढे काय? तज्ज्ञ मोजके आणि शहरांत. गोव्यातील 'संगथ' संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधकांनी मिळून केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. ६५ मुले, आणि उपचार देणारे तज्ज्ञ नसलेले प्रशिक्षित कार्यकर्ते. पालकांनी मुलाच्या लक्षामागे जाऊन त्याच्याशी संवाद कसा साधावा, हे ते घरी जाऊन शिकवत. पालकांचा प्रतिसाद अधिक जुळता झाला, मुलेही अधिक वेळा स्वतःहून संवाद साधू लागली. स्वमग्नता त्याने 'बरी' होत नाही. ती मेंदूची घडण आहे. पण घरातला अबोला कमी होऊ शकतो. जामखेडची पद्धत येथे नव्या प्रश्नाला लागू पडली.

३०/
आता पुन्हा नगर जिल्हा. पाथर्डी, जामखेड, शेवगाव या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बैलगाडीत भांडीकुंडी, कोयता आणि दीड वर्षाचे मूल. अंगणवाडीच्या हजेरीपटावर त्याचे नाव असते, मूल मात्र फडात. वर्षातल्या दोन भेटींपैकी एक या काळात आली, तर ते हुकते. बोट दाखवण्याचे, शब्द फुटण्याचे नेमके तेच महिने असतात. परतल्यावर ते दोन वर्षांचे असते आणि कोणीतरी म्हणते, 'फडात एकटे होते, म्हणून बोलत नाही.'

३१/
म्हणून या इतिहासातून व्यवहाराला उपयोगी असे एवढे लक्षात ठेवावे. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल. दीड वर्षाचे मूल काही दाखवण्यासाठी बोट करत नसेल. आलेले शब्द किंवा खेळ कोणत्याही वयात मावळले असतील. तर वाट पाहू नये. आधी कानांची तपासणी करून घ्यावी, अंगणवाडी सेविका वा आशाताईंना सांगावे, बालरोगतज्ज्ञांना भेटावे. एखादे लक्षण म्हणजे निदान नव्हे. शंका खोटी ठरली तर घरात आनंदच होईल. खरी ठरली तर हाती आलेली दोन वर्षे मोलाची असतील.

३२/
डोनाल्डचे पुढे काय झाले? तो आपल्या गावी परतला. गावाने त्याला त्याच्या विक्षिप्तपणासह सामावून घेतले. तो बँकेत नोकरी करी, गाडी चालवी, गोल्फ खेळे, देशोदेशी प्रवास करी. जून २०२३ मध्ये, ८९ वर्षांचा होऊन त्याने जगाचा निरोप घेतला. त्याच्या पाठीशी सधन घराणे होते, बँक होती, आणि वडिलांकडे टंकलेखन करून घेण्याची सोय होती.

३३/
फडावरच्या आईकडे यांतले काही नाही. तिने पाहिलेलेही ३३ पाने भरतील एवढेच असते. ते विचारून, ऐकून लिहून घेणारे कोणीतरी मात्र हवे. ते लिहून घेण्याची पद्धत याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी, अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनी घालून दिली आहे. तुमच्या गावातील अंगणवाडीत कधी गेलात, तर हजेरीपट जरूर पाहा. तोही इतिहासाचा दस्तऐवजच आहे, आणि त्यातील रिकाम्या चौकटी भरायला अजून वेळ आहे.

(धागा समाप्त)